मुलगा फोन फोडण्याचे व्हिडिओ बघतो, म्हणून काळजी वाटते?

लाखाचा नवाकोरा फोन कुणी हातोड्याने फोडतं, कुणी प्रेसखाली चिरडतं, कुणी उकळत्या तेलात सोडतं, आणि आमचा पोरगा ते पुन्हा पुन्हा बघून खूश होतो. त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? पुढे तो हिंसक तर होणार नाही? मी समुपदेशनाचं काम करते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न मला वारंवार विचारतात. उत्तरादाखल अमळनेर तालुक्यातल्या एका कुटुंबाबद्दल सांगते. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन, त्यात कापूस. आई अंगणवाडी सेविका. मुलगा आठवीत. पहिल्या भेटीत वडील बसायच्या आधीच बोलू लागले, "मॅडम, मना पोऱ्यानं डोकं फिरी गयं. याले काय व्हयनं, तुम्हीच सांगा." आईला कामासाठी मिळालेला फोन मुलाने घरामागच्या धुण्याच्या दगडावर ठेवून हातोड्याने फोडला होता आणि धाकट्या चुलतभावाला वडिलांच्या फोनवर त्याचं शूटिंग करायला लावलं होतं. त्या फोनमध्ये आईच्या अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी होत्या. पर्यवेक्षिकेला काय सांगायचं, या भीतीने तिने दोन घास नीट खाल्ले नव्हते. वडिलांनी मुलाला मारलं होतं. मुलगा खाली मान घालून बसला होता.

अशा वेळी मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगते आणि मुलाकडून व्हिडिओंची माहिती घेते. चौकशीसारखी नाही, शिकून घेतल्यासारखी. हा मुलगा दहा मिनिटांत खुलला. म्हणाला, मॅडम, सगळे व्हिडिओ सारखे नसतात. काही जण नुसतं फोडतात, काही जण तपासतात. तपासणारे आधी काचेवर ओरखडे पाडून बघतात. खनिजांच्या कठीणपणाचं मोज नावाचं माप असतं, त्यातल्या सहाव्या पातळीला काचेवर बारीक ओरखडे दिसू लागतात आणि सातव्याला खोल पडतात. मग फोन दोन्ही हातांनी वाकवतात. 2014 साली आयफोन 6 असाच वाकला आणि जगभर बोभाटा झाला, हेही त्याला माहीत होतं. विज्ञानात जेमतेम पास होणारा मुलगा हे सगळं सांगत होता. फिनलंडमधल्या एका जोडप्याच्या वर्कशॉपमधला, वस्तू दाबून चिरडणारा हायड्रॉलिक प्रेसही त्याने मला हातवारे करून समजावला.

मग मी विचारलं, हे बघताना बरं का वाटतं? त्याने विचार करून सांगितलं, "आता फुटंल, आता फुटंल असं वाटतं. आणि आपल्याला कोणी ओरडत नाही." यात आजार काही नाही. फुटण्याच्या आधीचा तो ताण, मग एकदम मोकळं होणं, आणि घरात ज्याला हात लावायलाही परवानगी लागते ती वस्तू कुणीतरी बिनधास्त मोडतंय हे सुरक्षित अंतरावरून बघणं, यात मोठ्यांनाही गंमत वाटते. जत्रेत मडकी फोडायच्या स्टॉलवर रांग लागते ती काही सगळ्या रागीट माणसांची नसते.

पण मग याने आईचाच फोन का फोडला? रागातून का? मला तसं वाटत नव्हतं. रागात फोडणारा मुलगा कॅमेरा लावत नाही.

कारण दुसऱ्या भेटीत कळलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. सोसायटीचं कर्ज थकलं होतं आणि रात्री जेवताना घरात तोच विषय असे. मुलगा ताटावर बसून सगळं ऐकायचा. त्याने पाहिलं होतं की फोन फोडणाऱ्यांकडे रोज नवा फोन असतो, गाडी असते, मोठं घर असतं. म्हणजे फोडल्याने पैसा येतो. आणि फोडायला फोन कोणता? आई त्या फोनवर रोज चिडायची. नोंद भरताना तो अडकला की म्हणायची, "एक दिन या फोनले दगडवर आपटी टाकसू." मुलाला वाटलं, हा कुणालाच नको असलेला फोन आहे. दगडसुद्धा आईनेच सुचवला होता.

हे ऐकून आई रडली. वडील बराच वेळ गप्प बसले. मी हे त्यांना दोष द्यायला काढलं नव्हतं, आणि घरात कर्जाबद्दल बोलू नका असंही मी कुणाला सांगणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाला घरची ओढाताण कळायलाच हवी. फक्त त्याला अर्धवट कळलं की उरलेलं तो स्वतः जुळवतो, आणि जुळवायला त्याच्यापुढे मोबाइलच असतो.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा एक जुना प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. 1961 साली त्यांनी दाखवलं की मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेली लहान मुलं तसंच मारतात. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पण 1965 साली त्यांनी एक गोष्ट वाढवली. मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. म्हणजे मूल नुसती कृती पाहत नाही, शेवटी करणाऱ्याला काय मिळालं तेही पाहतं. फोडाफोडीच्या व्हिडिओंत फोडणाऱ्याला शिक्षा होत नाही, उलट टाळ्या, लाइक आणि पैसा मिळतो. त्यामुळे पालकांनी हातोड्यापेक्षा त्या पैशाबद्दल मुलाशी जास्त बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या भेटीत आम्ही नेमकं तेच केलं. वही-पेन घेऊन मुलगा, वडील आणि मी बसलो. अमेरिकेतल्या ब्लेंडटेक कंपनीने 2006 पासून मिक्सरमध्ये काय वाट्टेल ते दळून दाखवायला सुरुवात केली आणि 2007 मध्ये चक्क आयफोन दळला. मी विचारलं, त्यात कंपनीला काय विकायचं होतं? मुलगा लगेच म्हणाला, "मिक्सर!" म्हणजे तो फोन जाहिरातीचा खर्च होता. वडिलांना हे पटकन समजलं. "बियाण्यासारखं," ते म्हणाले, "पेरलं, वाया नाही गेलं." मग प्रश्न आला, आपल्या व्हिडिओतून काय उगवणार होतं?

युट्यूबवर नेहमीच्या (शॉर्ट्स नसलेल्या) व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीतला वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर लागतात आणि बारा महिन्यांत 4000 तास व्हिडिओ बघितला जावा लागतो. पैसे गूगलच्या ज्या ॲडसेन्स खात्यातून मिळतात ते अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने उघडता येत नाही. मुलाचा व्हिडिओ तीन मिनिटांचा होता. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. प्रत्येकाने शेवटपर्यंत पाहिला तरी 80,000 वेळा बघितला जायला हवा. हा भागाकार त्याने स्वतः केला, दोनदा केला, आणि मग पेन खाली ठेवलं. व्हिडिओ बघितला होता तो वर्गातल्या पोरांनी. आणि दुसरा व्हिडिओ करायला दुसरा फोन कुठून आणणार होता?

2016 सालची एक गोष्टही मी त्याला सांगितली. आयफोन 7 मध्ये हेडफोनचं भोक नव्हतं. टेकरॅक्स या चॅनलवर एकाने चेष्टेत फोनला ड्रिलने भोक पाडून दाखवलं, जणू आत ते लपवलेलं आहे. काही बघणाऱ्यांनी खरंच आपापले फोन ड्रिलने फोडले. हे ऐकून तो पहिल्यांदा मनापासून हसला, आणि हसता हसता थांबला.

बॅटरीबद्दल मात्र मी त्याला हसू दिलं नाही. लिथियम आयन बॅटरीला खिळा किंवा हातोडा लागला की आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतो, ती तापत जाते, पेट घेऊ शकते, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो. त्याच्या फटक्याने स्क्रीन आणि बॉडी फुटली, बॅटरी वाचली. शूटिंग करणारा चुलतभाऊ हातभर अंतरावर उभा होता. हे मी आईवडिलांसमोरच सांगितलं, कारण घरात फुगलेल्या बॅटरीचा जुना फोन पडलेला असेल तर मोठ्यांनाही ते कळायला हवं.

काही पालक मला म्हणतात, राग निघून जातो, फोडू द्या जुनीपानी वस्तू. मी याच्या विरोधात आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या अभ्यासात, ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक शेवटी जास्त चिडलेले निघाले, आणि काहीच न करता बसलेले कमी.

खरी काळजी कधी करायची? मुलगा स्वतः वस्तू फोडतो आणि ते लपवतो, मुक्या जनावरांना त्रास देतो, भांडणात घरच्यांची आवडती वस्तू नेमकी शोधून मोडतो, स्वतःला इजा करतो, किंवा झोप आणि शाळा दोन्ही सुटली आहेत. यातलं काही असेल तर थांबू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नुसता बघतो एवढंच असेल, तर फोन हिसकावण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसून बघा. त्यालाच विचारा, हा फोन कुणाच्या पैशाचा, हा माणूस काय विकतोय, तुकड्यांचं पुढे काय होतं. मुलांकडे उत्तरं असतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

या घरात नुकसानाची भरपाई मुलानेच करायची असं ठरलं. वडील आधी तयार नव्हते. त्यांच्या मते चार फटक्यांत विषय मिटला होता. मी म्हटलं, भाऊ, मार खाऊन हिशेब फिटतो हेच तो शिकेल. आईने पर्यवेक्षिकेला खरं काय ते लेखी दिलं आणि तालुक्याच्या ठिकाणी फोन दुरुस्त करून घेतला. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा मजुरांच्या बरोबरीने कापूस वेचायला गेला. बोंडाची टोकं लागून त्याची बोटं सोलली. संध्याकाळी वजन करून त्याच्या किलोंची मजुरी वेगळी लिहिली जायची आणि दुरुस्तीच्या खर्चातून वजा व्हायची. सुट्टी संपली तरी थोडी रक्कम बाकी राहिली. ती तो उन्हाळ्यात फेडणार आहे.

व्हिडिओ तो अजून बघतो, दिवसाला ठरलेला वेळ. आईने मध्यंतरी कळवलं की वडीलही कधीकधी शेजारी बसतात, आणि प्रेसखाली काही चिरडलं की दोघांत वाद होतो, याला किती खर्च आला असेल.