‘सोल मॅन अँड द ब्रदर्स’ हे नेमके कोण? माझ्याकडची ‘शाफ्ट’ची एलपी खोटी आहे का?

खोटी नाही. ‘शाफ्ट’ सिनेमाचं मूळ संगीत देणाऱ्या अमेरिकन सोल गायक-संगीतकार आयझॅक हेजची म्हणून कुणी गळ्यात मारली असेल तर दोष विकणाऱ्याचा, रेकॉर्डचा नाही. परत करू नका. जुन्या बाजारात या रेकॉर्ड्सना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणायची जी सवय पडली आहे तिचा मला मनापासून राग आहे, कारण असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांच्यावर कधी सुईही ठेवलेली नसते.

‘सोल मॅन अँड द ब्रदर्स’ नावाचा बँड स्टुडिओबाहेर अस्तित्वातच नव्हता. १९७१ साली ‘शाफ्ट’ सिनेमा आला आणि हेजचा दोन रेकॉर्डचा अल्बम स्टॅक्स कंपनीच्या ‘एंटरप्राइज’ लेबलवर धो धो खपला. न्यूयॉर्कच्या पिकविक कंपनीने लगोलग पगारी वादक बसवून त्यातल्या धुना पुन्हा वाजवून घेतल्या आणि एका रेकॉर्डवर स्वस्तात विकायला काढल्या. नावसुद्धा उसनं: ‘सोल मॅन’ हे सॅम अँड डेव्ह या गायक जोडीचं १९६७ चं गाणं, आणि ते लिहिलं होतं हेज आणि डेव्हिड पोर्टर यांनीच.

हे सगळं कायद्यात बसवून चालायचं. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की ते कुणालाही पुन्हा रेकॉर्ड करता येई. गाण्यामागे प्रत्येक प्रतीला २ सेंट भरले की झालं. गीतकार-संगीतकाराला त्यात वाटा होता. वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला नव्हता. खुद्द ध्वनिमुद्रणालाच १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत तिकडे केंद्रीय कायद्याचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्याच्या टेपवरून थेट प्रती काढणं ही चोरी, आणि तो धंदा वेगळा. इथे तसलं काही झालेलं नाही.

आता हिशेब बघा. १२ गाणी म्हणजे प्रतीमागे २४ सेंट, १० गाणी म्हणजे २०. औषधाच्या दुकानातल्या रॅकवर पडेल भावात विकायच्या मालात हे ४ सेंट मोठे असतात. म्हणून बजेट एलपी अर्ध्या तासात आटपते. दुसरी युक्ती म्हणजे मधे घरची गाणी घुसवायची, म्हणजे त्यांची रॉयल्टी घरातच फिरते. पिकविकने यासाठी पगारी गीतकार ठेवले होते. १९६४-६५ मध्ये लू रीड तिथे हेच काम करत होता, आणि ‘द प्रिमिटिव्ह्ज’ या तिथल्याच एका बनावट बँडच्या निमित्ताने त्याची जॉन केलशी गाठ पडली; ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा गाजलेला रॉक बँड पुढे याच दोघांनी उभा केला.

वादकांच्या युनियनचा नियम: एक सेशन तीन तासांचं, आणि त्यातून जास्तीत जास्त १५ मिनिटांचं पक्कं संगीत घ्यायचं. म्हणजे अख्खी एलपी दोन सेशनमध्ये. अरेंजर मूळ रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकून नोटेशन उतरवणार, वादक ते स्टुडिओतच पहिल्यांदा बघणार, दोन-तीन टेक, की पुढचं गाणं. काय बिघडतं ते इथेच बिघडतं. ‘शाफ्ट’च्या मुख्य धुनेत ड्रमर विली हॉल हाय-हॅटवर (ड्रमच्या झांजांच्या जोडीवर) मात्रेला चार ठोके देतो आणि स्किप पिट्स त्यावर वा-वा पेडलची, म्हणजे पायाने दाबून सूर ‘वा-वा’ असा उघडझाप करणारी गिटार सोडतो. ठोके कागदावर लिहिता येतात, त्यांचं वजन लिहिता येत नाही. चारही सारखे पडले की ठेका बरोबर येतो पण झुलत नाही. पेडल कधी उघडायचं, किती दाबायचं, यालाही नोटेशनमध्ये जागा नाही.

तरीही ‘शाफ्ट’सारखा माल अशा मंडळींच्या हातात चांगला निघतो, कारण त्यात गळ्याचं काम थोडं आहे. मुख्य धुनेतसुद्धा अडीच मिनिटांहून जास्त वेळ हेजचा आवाज येतच नाही. गळा कुणाला उसना आणता येत नाही. अरेथा फ्रँकलिनची नक्कल करायला बसवलेली बाई दुसऱ्या ओळीत उघडी पडते. ड्रम, बेस, गिटार, बासरी मात्र नाव न छापलेला तयार वादक मूळच्या तोडीचं वाजवू शकतो, आणि कधीकधी त्याला घाईत जे सुचतं ते मुळापेक्षा जास्त कामाचं निघतं. तुमच्या एलपीवरची ‘बम्पीज लॅमेंट’ ऐका. रॅपर-निर्माता डॉ. ड्रेने १९९९ मध्ये ‘एक्स्प्लोसिव्ह’साठी याच पिकविकच्या वाजवण्याचा तुकडा घेतला, हेजच्या नाही. पुढच्या वर्षी गायिका एरिका बाडूच्या ‘बॅग लेडी’च्या सिंगलमध्ये तोच पुन्हा आला. त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत आयझॅक हेजचं नाव आहे, कारण धून त्याची. ज्यांची बोटं आपण प्रत्यक्ष ऐकतो त्यांचं एकाचंही नाव नाही. ‘डुप्लिकेट’ म्हणून हसणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्याकडे टी-सीरीजच्या व्हर्जन कॅसेट्सना (जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या) अशीच नाकं मुरडली गेली. तो धंदाही कायद्यातल्याच वाटेने चालला होता; मूळ रेकॉर्डिंगनंतर तेव्हा दोन वर्षं थांबावं लागे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर पाच. पण ‘रफी की यादें’वर सोनू निगमचं नाव ठळक होतं, आणि पुढे त्याचं काय झालं ते सांगायला नको. पिकविकने कंजुषी केली ती इथे. दोन ओळींची शाई वाचवली.

वादकांची नावं शोधायची असतील तर जॅकेटवर वेळ घालवू नका. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर तिरक्या उजेडात वाचून लिहून घ्या; तोच नंबर दुसऱ्या नावाच्या रेकॉर्डवर दिसला तर मास्टर, म्हणजे मूळ टेप, तीच. बजेट कंपन्या एकच टेप तीन-तीन बँडच्या नावाने विकत. नंबर वेगळा पण कानाला शंका असेल तर दोन्ही गाणी संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वरखाली लावा आणि ड्रमच्या ठोक्यांमधली अंतरं ताडून बघा. एकाची ध्वनिलहर उलटी करून दुसऱ्यात मिसळायची, म्हणजे सारखं असेल ते कटून जातं, हा प्रयोग विनाइलवर फसतो, कारण दोन टर्नटेबलांचा वेग कधीच तंतोतंत जुळत नाही. घरच्या गाण्यांखाली बारीक टायपात छापलेली गीतकारांची नावं हा दुसरा धागा. सगळ्यात पक्का कागद म्हणजे युनियनचा सेशन करार: त्यावर तारीख, गाणी, प्रत्येक वादकाचं नाव आणि मानधन असतं. न्यूयॉर्कच्या सेशन्ससाठी वादक संघाची ८०२ क्रमांकाची शाखा. सेशन युनियनबाहेर झालं असेल तर हा कागद नसतोच.

आता सावधगिरीचं. मी एवढी बाजू घेतली म्हणून दिसेल ती बजेट एलपी उचलू नका; गायकांच्या हिट गाण्यांची नक्कल असलेल्या बहुतेक खरोखरच ऐकवत नाहीत. आणि स्वस्त लेबल म्हणजे नक्कलच, असंही नाही. अमेरिकेतल्या बिहारी बंधूंच्या (हे त्यांचं आडनाव) क्राउन लेबलवर ब्लूज गायक बी. बी. किंग अस्सल मिळे. पिकविकनेही कॅपिटॉल या बड्या कंपनीच्या खऱ्या रेकॉर्डिंग्ज पुन्हा काढल्या, फक्त त्यांतली एकदोन गाणी कापून. तेव्हा कलाकाराचं नाव नीट वाचा. सिनेमाचं नाव भलंमोठं आणि कलाकाराचं बारीक असेल तर स्टुडिओतली मंडळी समजायची.

एलपी धुताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एखादा थेंब पुरतो. अशाच स्वस्त अमेरिकन ‘४५’, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड्स हाती लागल्या तर आधी बघा, पुष्कळशा विनाइलच्या नसून स्टायरीन या कडक प्लास्टिकच्या असतात: वजनाला हलक्या, ताठ, लेबलचा कागद वरून चिकटवलेला. त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, आणि लंबगोल टोकाच्या सुईऐवजी गोल टोकाची वापरा. स्टायरीन लवकर झिजतं, आणि एकदा खरखर बसली की ती धुऊन जात नाही.