टिलर लावण्याआधी वायर बघा

परसबागेला १४०० वॅटचा विजेवरचा टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र, भरपूर झाला. पण पात्यांआधी वायरकडे लक्ष द्या. घरातली बारीक एक्स्टेन्शन लावू नका. २० मीटर लांब न्यायचं असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) तांब्याची केबल घ्या आणि ती पूर्ण उलगडून वापरा. मी एकदा गुंडाळी तशीच ठेवून अर्धा तास काम केलं होतं. हात लावला तर आतलं आवरण मऊ पडून एकमेकांना चिकटलेलं! त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवीच. नुसती एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही. केबल खांद्यावरून मागे सोडा आणि प्लगपासून लांब लांब जात चला.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगा बेताचा ओलावा, आल्याशिवाय यंत्र घालू नका. मूठभर माती दाबून गोळा करा, टिचकीने फुटला तर वाफसा. चिकटच राहिला तर दोन दिवस थांबा. हरळीचं गवत असेल तर आधी कुदळीने काशा (त्याची जमिनीखाली पसरणारी खोडं) वेचून काढा, नाहीतर टिलर त्यांचे तुकडे करून बागभर पेरतो आणि तुकडा न् तुकडा फुटतो.

पात्यांत गवत गुंतलं की बटण सोडून थेट हात घालायचा नाही, आधी प्लग काढायचा. हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पायात जाड बूट हवेतच.

काम झाल्यावर पाइपने धुऊ नका, मोटारीत पाणी जातं. ब्रशने माती झाडा, हवेच्या खाचा मोकळ्या करा, पात्यांना तेलाचा हात फिरवा.