मला भूकंपाची आधीच चाहूल लागते. हे कुणाला कळवावं का?

तुम्ही लिहिलंय की भूकंपाआधी दोन-तीन दिवस तुमच्या कानात गुणगुण सुरू होते, डोकं जड होतं. हे आजवर चार वेळा खरं ठरलं, त्यात २०२३ चा तुर्कस्तानचा भूकंपही आला. आता जपानच्या बाजूला भूकंप नाहीतर ज्वालामुखी होणार असं वाटतंय, तर सरकारला कळवावं का, असा तुमचा प्रश्न.

उत्तर आधीच देऊन टाकतो: कळवू नका, वहीत लिहा. का ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

मी शास्त्रज्ञ नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या काठचं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर पडलं तेव्हा मी आईच्या पोटात होतो, त्यामुळे त्या पहाटेची गोष्ट आमच्या घरात माझ्या जन्माच्या गोष्टीबरोबरच सांगितली जाते. तीव्रता ६.३ ची होती आणि पावणेदोनशेच्या पुढे माणसं गेली. धरणात पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमारास, आणि तेव्हापासून आमच्याकडे जमीन हलायची थांबलेली नाही. पाहुणे घाबरून अंगणात पळतात आणि घरची माणसं ताटावरून उठतही नाहीत, असा आमचा भाग.

अशा गावात भूकंप 'आधी कळणारी' माणसं असणारच. आमच्याकडे मामा होते. त्यांचा उजवा गुडघा ठणकला की ते म्हणायचे, "दोन दिवसांत हलतंय बघ." आणि हलायचंही! गावात त्यांना मान होता. लोक शेताला जाताना ओट्यावर थांबून विचारायचे, "काय आप्पा, गुडघा काय म्हणतोय?"

मी कराडला कॉलेजात होतो, अंगात थोडी रग होती. सुट्टीत एक दोनशे पानी वही आणून मामांपुढे ठेवली. अट एकच: गुडघा ठणकला की त्याच दिवशी लिहायचं. तारीख, किती दिवसांत हलणार, आणि भांडी वाजण्याइतकं की नुसतं जाणवण्याइतकं. दुसऱ्या बाजूला, धक्का बसला की मामीने तारीख टाकायची, गुडघा दुखला असो वा नसो. मामीची बाजू महत्त्वाची, कारण न सांगता आलेले धक्के मामा सोयीस्करपणे विसरायचे. खोटं बोलत नव्हते ते. खरंच आठवायचे नाहीत.

चार-पाच महिन्यांत मामीची पानं भरली आणि मामांची रिकामी राहिली. जे सांगितलं त्यातलं काही जुळलं, बरंच हुकलं. जे जुळलं तेही, आमच्याकडे जमीन इतक्या वेळा हलते की कॅलेंडरवर डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी जुळलं असतं. शेवटी मामांनी वही परत केली. म्हणाले, "तू लिहायला लावल्यापासून गुडघा बोलायचाच बंद झाला."

आता तुमच्या चार वेळांकडे येऊ. जगात ५ किंवा त्याहून मोठे भूकंप वर्षाला हजारावर होतात, म्हणजे रोजचे तीन-चार. ६ च्या वरचे शंभर ते दीडशे, म्हणजे सरासरी दर दोन-तीन दिवसांना एक. त्यातले बहुतेक पॅसिफिकच्या कडेने, जपान-इंडोनेशिया-चिली या पट्ट्यात. ज्वालामुखींचं म्हणाल तर कुठल्याही दिवशी जगात वीसेक तरी धुमसत असतात. तेव्हा "दोन-तीन दिवसांत जपानच्या बाजूला काहीतरी" हे वाक्य कधीही म्हणा, ते क्वचितच खोटं पडेल. तुम्हाला तारीख, जागा आणि आकार तिन्ही सांगता येतात का, आणि कानात आवाज येऊन काहीच झालं नाही असे दिवस किती, या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत. सगळा निकाल त्या दोन गोष्टींवर आहे.

तुर्कस्तानचं उदाहरण सगळे देतात. फ्रँक होगरबीट्स या डच गृहस्थांनी ३ फेब्रुवारी २०२३ ला ट्विट केलं की त्या भागात ७.५ च्या आसपासचा भूकंप होईल, आणि ६ तारखेला ७.८ चा झाला. हजारो लोकांना ते ट्विट नंतर दिसलं आणि अंगावर काटा आला. पण त्यात तारीख नव्हती. 'आज ना उद्या' अशा अर्थाचे शब्द होते. तिथल्या भ्रंशावर (जमिनीच्या पोटातल्या मोठ्या भेगेवर) आज ना उद्या मोठा भूकंप होणार हे भूगर्भशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. होगरबीट्स ग्रहांच्या स्थितीवरून सांगतात. आपल्याकडे पंचांगवाले त्यांच्या आधीपासून सांगत आलेत, त्यांना ट्विटर मिळालं नाही एवढंच.

इटलीतली गोष्ट मला याहून जास्त विचारात पाडते. जाम्पाओलो जुलियानी हे एका प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजून भूकंप आधी सांगता येतो असा त्यांचा विश्वास होता. २००९ च्या मार्चअखेरीस त्यांनी सुलमोना या गावाजवळ भूकंप येणार असं सांगितलं. घबराट पसरली, पोलिसांपर्यंत तक्रार गेली. सुलमोनाला मोठं काही झालं नाही. आठवड्याभरात, ६ एप्रिलला, पन्नासेक किलोमीटरवरच्या लाक्विला शहरात ६.३ चा भूकंप झाला आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. जुलियानी बरोबर होते असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. पण त्यांचं ऐकून सुलमोनाची माणसं खरंच घरं सोडून निघाली असती, तर आसऱ्याला त्यांच्या जिल्ह्याचं मुख्य शहर कोणतं होतं? लाक्विला. पन्नास किलोमीटर आणि एका आठवड्याने चुकलेली भविष्यवाणी 'जवळजवळ बरोबर' नसते, ती माणसांना थेट मरणाच्या दारात नेऊ शकते.

तिथे सरकारी शास्त्रज्ञही शहाणे ठरले नाहीत, हेही सांगायला हवं. लाक्विलात महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते आणि लोकांना दिलासा देण्यात आला. नंतर सहा तज्ज्ञ आणि एका अधिकाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, २०१२ मध्ये शिक्षा झाली. अपिलात २०१४ मध्ये सहा तज्ज्ञ सुटले.

आणि हे वाचताना आपल्याला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. १९९२ मध्ये, ऑगस्ट ते ऑक्टोबर, किल्लारी परिसरात धक्क्यांमागून धक्के बसले. लोक घाबरले, घराबाहेर झोपायला लागले. त्यांचं मन काय सांगत होतं ते उघड आहे, आणि मन बरोबर सांगत होतं. मग धक्के थांबले. पावसाळा आला, वर्ष उलटलं. माणूस किती दिवस अंगणात झोपणार? ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन आटोपून लोक घरात झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

किल्लारीवरून कुणी म्हणेल, छोटे धक्के म्हणजे मोठ्याची चाहूल. तर पालघर बघा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात हजारो छोटे धक्के बसले. धुंदलवाडीच्या आसपासची कुटुंबं थंडीत तंबूत झोपली. सर्वात मोठा धक्का चारच्या किंचित वर. मोठा भूकंप आला नाही. लक्षण तेच, एका ठिकाणी प्रलय, दुसऱ्या ठिकाणी काही नाही. कोणता धक्का 'आधीचा' होता हे मोठा भूकंप होऊन गेल्यावरच कळतं. चीनमध्ये १९७५ ला हायचेंगचा भूकंप आधी ओळखून लोकांना बाहेर काढलं, त्यात छोट्या धक्क्यांचाच मोठा आधार होता. जगभर वाहवा झाली. दीड वर्षाने तांगशानला तसा इशाराच मिळाला नाही, अडीच लाखांच्या आसपास माणसं मेली.

तज्ज्ञांचीही वही आहे हो. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला साधारण दर बावीस वर्षांनी ६ चा भूकंप होतो, म्हणून १९९३ च्या आत पुढचा येणार असं तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं आणि सगळा परिसर यंत्रांनी भरून टाकला. भूकंप आला २००४ मध्ये. एवढी यंत्रं टपून बसलेली असताना आधी काही ठळक खूण दिसली नाही. फरक इतकाच की त्यांनी चूक लिहून ठेवली आणि छापलीही.

तुमच्या कानाबद्दल एक गोष्ट. कोयनेकाठी विचाराल तर सगळे सांगतील की आधी गडगड ऐकू येते आणि मग हलतं. हे खरं आहे. भूकंपाची पहिली लाट सेकंदाला सहाएक किलोमीटर वेगाने धावते, जोरात हलवणारी दुसरी तिच्या मागून साडेतीन किलोमीटरने येते. आमच्याकडचे भूकंप उथळ, त्यामुळे पहिली लाट जमिनीतून हवेत शिरून आवाज होते. आई गडगड ऐकली की चुलीवरच्या दुधाचं भांडं धरायची. कुत्री-गुरं आधी बावरतात म्हणतात, त्यातलं पुष्कळसं याच पहिल्या लाटेचं आहे. पंचवीस किलोमीटरवरच्या भूकंपाला दोन्ही लाटांमध्ये तीन सेकंद मिळतात. २०२३ पासून आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनवरही भूकंपाचा इशारा येऊ शकतो तो याच सेकंदांच्या जोरावर, आणि तोही भूकंप सुरू झाल्यावर. दोन-तीन दिवसांचा आवाज मात्र या हिशोबात बसत नाही. तो सारखा येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. चेष्टा करत नाहीये. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांनी अशीच गुणगुण वर्षभर अंगावर काढली, तपासलं तेव्हा रक्तदाब भयंकर वाढलेला निघाला.

ज्वालामुखीचं गणित वेगळं, कारण तो बहुतेक वेळा सांगून येतो. वर चढणारा शिलारस डोंगर फुगवतो, बारीक धक्के देतो, वायू सोडतो. आइसलँडने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गाव आधी रिकामं केलं, उद्रेक १८ डिसेंबरला झाला. (जपानच्या ओंताकेने २०१४ मध्ये मात्र गिर्यारोहकांना वेळच दिला नाही, ६३ जण गेले.) आणि इथे हौशी माणसाचं खरं काम दिसतं. फिलिपिन्समधला पिनातुबो जवळजवळ पाचशे वर्षं शांत होता. एप्रिल १९९१ मध्ये डोंगरावर राहणाऱ्या आएता आदिवासींनी वाफेचे स्फोट पाहिले, त्यांच्यात काम करणाऱ्या एका ननने ती खबर संशोधन संस्थेपर्यंत पोचवली. यंत्रं बसली, हजारो माणसं हलवली गेली, आणि १५ जूनला त्या शतकातला एक सर्वात मोठा उद्रेक झाला. आएतांनी 'आम्हाला वाटतंय' असं कळवलं नव्हतं. 'इथून वाफ निघतेय' असं कळवलं होतं.

जाता जाता: सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, म्हणून तो परत पेटेल का असं लोक विचारतात. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात खुशाल बसा.

तर कळवायचंच असेल तर घडलेलं कळवा. धक्का जाणवला की राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवर कुठे, कधी, काय हललं ते भरा. त्याचा खरोखर उपयोग होतो. विहिरीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, जमिनीला नवी भेग पडली, तर तहसील कार्यालयात फोटोसह द्या. आणि कानातला आवाज वहीत: तारीख, जागा, आकार, आणि समोरच्या पानावर दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने, खरंच झालेले भूकंप. ते पान घरातल्या अशा माणसाकडे द्या जो तुमचं कौतुक करत नाही. आमच्याकडे मामी होती.