तीन माणसांचं गाव

प्रश्न: मुलगा ऑस्टिनला असतो, परवा त्याने टेक्सासमधल्या लुकेनबाकचे फोटो पाठवले. म्हणे या गावाला नगरपालिका वगैरे काहीच नाही! मग त्याला गाव तरी कसं म्हणायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, म्हणायचं की! आपल्याकडे स्वतःची ग्रामपंचायत नसलेल्या वाड्या असतातच ना, तसलंच काहीसं. फक्त आपली वाडी कुठल्या तरी ग्रामपंचायतीत मोडते, तिकडे मधे कोणीच नाही, रस्ते, पोलीस सगळं थेट काउंटीकडे, म्हणजे साधारण जिल्ह्याकडे. मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही.

गाव बसवलं जर्मन लोकांनी, साधारण १८५० च्या आसपास. एक दुकान, त्यातच बार (पूर्वी पोस्टही), शेजारी डान्स हॉल, संपलं गाव. १९७० च्या सुमारास तर अख्खं गावच विकायला निघालं, जाहिरातीत लोकसंख्या ३, आणि हॉन्डो क्राउच नावाच्या भन्नाट माणसाने दोन पार्टनर घेऊन ते विकत घेतलं आणि स्वतःलाच मेयर म्हणवून घेतलं, आता जिथे नगरपालिकाच नाही तिथे हरकत घेणार कोण? मग गाणीबजावणी सुरू झाली, १९७३ मध्ये गायक जेरी जेफ वॉकरने त्याच डान्स हॉलमध्ये लाइव्ह अल्बम रेकॉर्ड केला, १९७७ मध्ये गायक वेलन जेनिंग्जच्या या गावावरच्या गाण्याने तर नाव देशभर झालं. पण ते बघायला हॉन्डो नव्हता, तो १९७६ मध्येच गेला.

आता गर्दी टुरिस्टांची. मला विचाराल तर झाडाखाली गिटार घेऊन बसणारे अजून आहेत, तेवढ्यासाठी तरी जाऊन यावं.