चिनी राशींची सोन्या-चांदीची नाणी मुलीच्या नावाने जमवायची आहेत, घोड्यापासून सुरुवात करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी 20 जानेवारी 2014 ची, 2014 म्हणजे घोड्याचं वर्ष, 2026 ला परत घोडा आलाय, तर तिच्या नावाने घोड्याचं नाणं घेऊन सुरुवात करावी का, मग दर वर्षी एक घेत जावं का आणि पुढे कधी विकायची वेळ आली तर किंमत येते का. कामासाठी सिंगापूरला येणं-जाणं असतं असंही लिहिलंय तुम्ही. मी सिंगापूरलाच राहतो आणि ही नाणी बरीच वर्षं जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे खर्च करायच्या आधी पहिली गोष्ट, तुमची मुलगी घोडा नाही, साप आहे.

चिनी वर्ष 1 जानेवारीला बदलत नाही. चांद्र पंचांग आहे ते, त्यामुळे आपल्या पाडव्यासारखी तारीख सरकत राहते, साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी नवीन वर्ष लागतं. 2014 ला ते 31 जानेवारीला लागलं. म्हणजे 20 तारखेला अजून 2013 चं सापाचंच वर्ष चालू होतं. नाण्यावर नुसता सन असतो, 2014 आणि घोडा, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांच्या बाबतीत गिफ्ट देणारे हमखास फसतात आणि काउंटरवरचा माणूस काही जन्मतारीख विचारत नाही. जन्म या दोन महिन्यांतला असेल तर आधी त्या वर्षीची तारीख बघायची आणि मगच प्राणी ठरवायचा.

साप म्हटल्यावर घरी कोणी नाक मुरडलं तर सांगा की इथली चिनी माणसं सापाला छोटा ड्रॅगन म्हणतात आणि सापाच्या वर्षातलं मूल हुशार, विचारी निघतं असं मानतात. आणि आपण तर नागपंचमीला पूजाच करतो. उलट साप असणं तुमच्या फायद्याचं आहे. ड्रॅगनच्या नाण्यावर सगळं जग तुटून पडतं, ड्रॅगनच्या वर्षात चिनी घरांमध्ये मुलंसुद्धा जास्त जन्माला घालतात, त्यामुळे ड्रॅगन कुठलाही घ्या, महागच मिळणार. साप त्याच्या मागोमाग येतो आणि तुलनेने शांतपणे, बऱ्या भावात मिळतो.

आता कुठली नाणी. मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटची, म्हणजे पर्थच्या टांकसाळीची, चांदीची एक औंसवाली. पर्थ मिंट 1899 ची आहे, मालकी वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्य सरकारची, आणि नाणं तिथलं कायदेशीर चलन असतं, एका बाजूला राणी एलिझाबेथ (2025 च्या सापापासून राजा चार्ल्स), दुसऱ्या बाजूला प्राणी. त्यांच्या राशींच्या तीन सीरिज झाल्यात. पहिली सोन्यात 1996 ते 2007, दुसरी 2008 ते 2019, तिसरी 2020 ला उंदरापासून सुरू झाली ती 2031 च्या डुकरापर्यंत चालणार. यात एक गुंता आहे तो लक्षात ठेवा, चांदीत पहिली सीरिज उशिरा म्हणजे 1999 च्या सशापासून सुरू झाली आणि 2010 च्या वाघाला संपली, पण दुसरी सीरिज तर 2008 लाच चालू झालेली, त्यामुळे 2008, 2009 आणि 2010 ची चांदीची नाणी दोन वेगवेगळ्या डिझाइनमध्ये आहेत. ऑनलाइन लोक सर्रास सरमिसळ करून विकतात, फोटो बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

तिसऱ्या सीरिजचा अख्खा बारा नाण्यांचा सेट करता येईल, सात येऊन गेलीत, पाच यायचीत, वाईट नाही. पण एका मुलीसाठी करताय तर मी वेगळं सुचवेन. बारा प्राण्यांच्या मागे न लागता फक्त साप घ्या, तिन्ही सीरिजचा. 2001, 2013 आणि 2025. एकच मिंट, एकच वजन, एकच प्राणी आणि तीन वेगवेगळ्या कलाकारीचे साप. मधला तिच्या जन्माच्या वर्षाचा आणि शेवटचा तिचं पहिलं बारा वर्षांचं चक्र पूर्ण झालं तेव्हाचा. पुढचा साप 2037 ला, तेव्हा ती 23 वर्षांची असेल आणि स्वतःच्या पैशांनी घेऊ शकेल. मला ही कल्पना अख्ख्या सेटपेक्षा कितीतरी जास्त आवडते, कारण सेटमधली अकरा नाणी दुसऱ्या कोणाची तरी असतात.

हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. दुसऱ्या सीरिजचं नाणं पसरट, 45.6 मिमी व्यासाचं, तळहातावर ठेवलं तर चांगलं मोठं दिसतं, आणि तिसऱ्या सीरिजचं आटोपशीर, 41 च्या जवळपास. वजन तेच, एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून जरा जास्त. त्यामुळे कॅप्सूल, म्हणजे नाणं ठेवायची प्लास्टिकची गोल डबी, विकत घेताना एकाच मापाची तीन घेतली तर एक बसणार नाही. दुसऱ्या सीरिजची एक औंसची चांदीची नाणी जास्तीत जास्त तीन लाख काढायची असा नियम होता, म्हणजे काही अतिदुर्मिळ वगैरे नाहीत, 2013 चा साप शोधला तर मिळतो.

खुद्द चीनची नाणी म्हणाल तर ती 1981 च्या कोंबड्यापासून निघतायत. पहिल्या बारा वर्षांत एका बाजूला चीनमधल्या ऐतिहासिक वास्तू आणि दुसऱ्या बाजूला ची बाइशी, शू बेइहोंग अशा मोठ्या चित्रकारांची चित्रं, सोनं आठ ग्रॅमचं, चांदी पंधरा ग्रॅमची. फार देखणी आहेत. नंतर 1993 पासून फुलाच्या पाकळ्यांसारखी कडा असलेली आली, 2000 पासून हातपंख्याच्या आकाराची. पण ही सगळी संग्राहकांची नाणी आहेत, धातूच्या भावाशी किमतीचा फारसा संबंध नाही, मूळ डबी आणि सर्टिफिकेट नसेल तर किंमत धाडकन पडते, आणि नकली माल याच्यात सगळ्यात जास्त. सुरुवात इथून करू नका. हाँगकाँगची 1976 ते 1987 ची हजार डॉलरवाली 22 कॅरेटची सोन्याची नाणीही सुंदर, पण जवळपास 16 ग्रॅमचं एक नाणं आहे, आजच्या सोन्याच्या भावात हिशोब करून बघा.

घोड्याबद्दल विचारलंय म्हणून 2014 च्या ब्रिटिश घोड्याची गोष्ट सांगतोच. रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या टांकसाळीने, त्यांची राशींची सीरिज त्याच वर्षी सुरू केली. डिझाइन बघाच, पुढे उधळलेला घोडा आणि मागे डोंगरावर अफिंग्टनचा पांढरा घोडा, म्हणजे ऑक्सफर्डशरमध्ये टेकडीवर खडूच्या दगडाने भरलेली जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीची आकृती. चिनी घोडा इंग्लंडच्या घोड्यासमोरून जातोय, इतकं नेमकं डिझाइन या सगळ्या प्रकारात मी दुसरं पाहिलं नाही. तर झालं असं की मिंटमध्ये साच्यांची अदलाबदल झाली. ब्रिटानिया नावाचं त्यांचं नेहमीचं चांदीचं नाणं आहे त्याच्या राणीच्या बाजूला कडेने बारीक दाते असतात, घोड्याच्या नाण्याला ते नसायला हवेत. पण साधारण 38 हजार घोड्यांवर ब्रिटानियाची दातेरी राणी उमटली आणि उलट साधारण 17 हजार ब्रिटानियांवर घोड्याची बिनदात्यांची राणी. कोणाकडे 2014 चा घोडा असेल तर उलटा करून भिंगाखाली राणीची कडा बघायची, दाते दिसले तर ते चुकीचं नाणं, आणि त्याला साध्यापेक्षा जास्त किंमत मिळते. तुम्हाला घोडा घ्यायचाच असेल तर हा घ्या, पण हौस म्हणून, मुलीची रास म्हणून नाही.

आता पैशाचं. नाण्याची किंमत म्हणजे धातूचा त्या दिवसाचा भाव आणि वर प्रीमियम, म्हणजे आपल्या भाषेत घडणावळ. बुलियन नाण्याला, म्हणजे मुख्यतः धातूच्या किमतीसाठी विकल्या जाणाऱ्या साध्या नाण्याला, घडणावळ कमी, प्रूफ नाण्याला, म्हणजे आरशासारखं चकचकीत, लाकडी डबीत, नंबरवालं सर्टिफिकेट असलेलं, त्याला प्रचंड, बऱ्याचदा धातूच्या दुप्पट. विकायला गेलात की डबीचे आणि चकाकीचे पैसे कोणी देत नाही, ड्रॅगनसारखे अपवाद सोडून. म्हणून बुलियनच घ्या, दिसायलाही ती छानच असतात. आणि हे बघा, ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीने औंसाला 50 डॉलरची पातळी ओलांडली, 1980 आणि 2011 ला जिथे अडकली होती तिथून पुढे गेली, तेव्हा काय झालं की जुन्या साध्या वर्षांच्या नाण्यांचं जे काही जास्तीचं मोल होतं ते धातूच्या किमतीत बुडूनच गेलं. दहा वर्षं सांभाळलेला ससा आणि काल घेतलेला चांदीचा बार जवळपास एकाच भावात. म्हणून पुढे किंमत येईल का याचं सरळ उत्तर असं की चांदीची येईल, प्राण्याची येईलच असं नाही. आणि पुण्या-नाशिकचा सराफ तर तुमच्या पर्थच्या सापाला मोडीचाच भाव देणार, त्याच्यासाठी ती 31 ग्रॅम चांदी आहे. कधी विकायचं झालंच तर सिंगापूरच्या डीलरला विका.

सोनं घ्यायचं झालं तर औंसाचा विसावा भाग वगैरे म्हणजे दीड ग्रॅमची चिमुकली नाणी घेऊ नका. ग्रॅममागे घडणावळ सगळ्यात जास्त त्यांनाच. पाव औंस परवडत असेल तर तो, नाहीतर चांदीच ठीक.

इथे सिंगापूरमध्ये ऑक्टोबर 2012 पासून गुंतवणुकीच्या सोन्या-चांदीवर जीएसटी नाही, संग्राहकांसाठीच्या नाण्यांवर मात्र आहे, तेव्हा काउंटरवर हे नाणं कशात बसतं ते आधीच विचारा. अनोळखी माणसाकडून सेकंडहँड घेत असाल तर खिशात छोटा डिजिटल काटा आणि जाडी मोजायचा कॅलिपर ठेवा. चांदीची घनता 10.49, तांबं 8.96, पितळ त्याहून कमी, म्हणजे नकली नाणं वजनाला बरोबर केलं तर जाड होतं आणि जाडीला बरोबर केलं तर हलकं पडतं, दोन्ही एकदम जुळवणं त्यांना जमत नाही. शिवाय कडक चुंबक तिरक्या धरलेल्या चांदीवरून सावकाश, अडखळल्यासारखा घसरतो, चिकटला किंवा सटकन खाली गेला तर सोडून द्या. सोन्यात मात्र टंगस्टन हा जड धातू भरला तर घनता जवळपास तीच येते, काटा काही पकडणार नाही, सोनं डीलरकडूनच घ्या.

घरी आणल्यावर नाणं कायम कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही. आणि घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा की काळं पडलं तरी घासायचं नाही, देवाची चांदीची भांडी आपण टूथपेस्ट नाहीतर रांगोळीने लख्ख करतो तसं नाण्याला केलं की त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी उठते आणि संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणं संपलं. चांदीवर कधीकधी दुधाचा थेंब सुकल्यासारखे पांढरे डाग येतात, नाणं पाडायच्या आधी कोरी चकती धुताना त्यावर जे द्रावण राहून जातं त्याने होतात ते असं मानतात, ते जात नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, पीव्हीसीने हिरवट चिकट थर येतो. घट्ट कॅप्सूल आणि सोबत सिलिका जेल, एवढं पुरे. पावसाळ्यात पुड्या बदला.

आणि नेताना एक, भारतात परत जाताना दागिन्यांना कस्टम्समध्ये जी सूट आहे ती नाण्यांना नाही, सोनं असो की चांदी. बिल जवळ ठेवा, रेड चॅनलने जा, जी ड्युटी लागेल ती भरा आणि ती पावती नाण्याच्या बिलाला जोडून ठेवा. तीन सापांपैकी 2025 चा आधी घ्या, तो इथे सहज मिळतो. 2013 चा शोधायला थोडा वेळ द्या. 2001 चा मात्र घाईने घेऊ नका, त्यात डाग नसलेलं नाणं मिळेपर्यंत थांबा आणि फोटो दोन्ही बाजूंचे मागा, कडेचाही.