पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला टिशूचा तुकडा) कापताना मधला टिशू गळून पडतो, रिबनमध्ये (सलग निघणाऱ्या पातळ कापांच्या पट्टीत) भोक राहतं. मायक्रोटोमचं (पातळ काप काढायच्या यंत्राचं) पातं बदलूनही फरक नाही. काय चुकतंय?

पात्याचा दोष नाही. कडा शाबूत आणि मधोमध भोक, म्हणजे मेण गाभ्यापर्यंत पोचलेलंच नाही. तिथे पाणी नाहीतर झायलीन (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं द्रावक) अडकलंय. ब्लॉकच्या कापलेल्या तोंडावर चिमट्याची बोथट बाजू दाबून बघा. चांगला टिशू भोवतीच्या मेणाइतकाच टणक लागतो. मऊ लागला, खळगा पडला किंवा झायलीनचा वास आला, तर चूक प्रोसेसिंगमधली, म्हणजे टिशूतलं पाणी काढून त्यात मेण भरण्यातली.

तुकडा ३-४ मिमीपेक्षा जाड नको आणि फॉर्मलिन त्याच्या किमान दहापट हवं. यकृत किंवा प्लीहा कापल्यावर आत लालसर दिसलं तर पुढे जाऊ नका, आणखी फिक्स होऊ द्या, म्हणजे फॉर्मलिनमध्येच राहू द्या.

हाताने प्रोसेसिंग करत असाल तर ७० आणि ९० टक्के अल्कोहोल एकेक तास, मग अ‍ॅब्सोल्यूट (पाणी नसलेलं अल्कोहोल) तीनदा, प्रत्येकी तासभर. बहुतेक वेळा माशी इथेच शिंकते. अ‍ॅब्सोल्यूट हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच. शेवटच्या बरणीच्या तळाशी तापवून पांढरा केलेला मोरचूद पसरा, वर फिल्टर पेपर घाला. मोरचूद निळा पडला की ते अल्कोहोल बदलायचं. याहून स्वस्त आणि खात्रीची खूण नाही.

झायलीन दोनदा, एकेक तास, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हुडमध्ये, ज्योतीपासून लांब. तुकडा उजेडात धरा: आरपार उजेड दिसला पाहिजे. मध्ये पांढुरका डाग राहिला किंवा झायलीन दुधाळ झालं, तर पाणी उरलंय. परत ताज्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये. मात्र रात्रभर झायलीनमध्ये ठेवू नका, टिशू ठिसूळ होतो आणि सेक्शनला (कापाला) चिरा पडतात.

मेण ५८-६० अंशांचं असेल तर ओव्हन ६२ वर. तीन बदल, प्रत्येकी तासभर. पहिल्या भांड्यात झायलीन साठत जातं, म्हणून सगळ्यात आधी तेच मेण बदलायचं.

हातातला ब्लॉक अजून वाचवता येतो. तो ओव्हनमध्येच वितळवा, तुकडा झायलीनमध्ये दोनदा, ताज्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये दोनदा ठेवा, मग पुन्हा झायलीन आणि मेण. बायोप्सी असेल तर ‘खाली चांगला टिशू लागेल’ म्हणून ट्रिमिंग (वरचे थर कापून टाकणं) करत राहू नका. तेवढाच तुकडा आहे, गेलेला परत मिळत नाही.