बाबांचा न्याय कोण करणार?

ताई, सलाम. माझे बाबा फेब्रुवारीत प्रभूत निजले. चर्चच्या पाळकांशी वाद झाल्यापासून दहा वर्षं ते उपासनेला जात नव्हते. मातीच्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “आता पित्यापुढे हिशेब द्यावा लागेल.” त्या रात्री मी योहानाचं शुभवर्तमान उघडलं. ५:२२ (अध्याय ५, वचन २२) म्हणतं, पिता कोणाचा न्याय करत नाही, ते काम त्याने पुत्राला, म्हणजे येशूला, सोपवलंय. ८:१५ मध्ये येशू म्हणतो, मी कोणाचा न्याय करत नाही. ९:३९ मध्ये तोच म्हणतो, मी न्यायासाठी आलो. बायबल अभ्यासात विचारलं तर “शंका घेऊ नकोस” एवढंच उत्तर मिळालं. माझा विश्वास उडालाय का?
– एक लेक, अहिल्यानगर

बाळ, तुलाही सलाम.

आधी शंकेचं बोलू. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर पंडिता रमाबाईंनी त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि चर्चच्या अधिकाराबद्दल तिथल्या सिस्टरशी पत्रांतून किती वाद घातला! पुढे केडगावला त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्यांच्या प्रश्नांनीच त्यांना मूळ शब्दांपर्यंत नेलं असं मला वाटतं. तूही विचारत राहा.

आता तुझी वचनं. ८:१५ वर थांबू नकोस, पुढचं वाच. “मी कोणाचा न्याय करत नाही” म्हटल्यावर लगेच १६ मध्ये येशू म्हणतो, आणि केलाच तर माझा न्याय खरा आहे, कारण मी एकटा नाही. दोन वाक्यं अशी लागून असताना लिहिणाऱ्याला विसंगती दिसली नसेल का? त्याने ती जाणूनच ठेवली आहे. मूळ ग्रीक क्रियापदाला निवडणं, ठरवणं, न्याय करणं, दोषी ठरवणं असे अनेक अर्थ आहेत. आपला ‘निवाडा’ही ‘निवडणे’मधूनच आला. ३:१७ मध्ये पुत्र जगाला दोषी ठरवायला आलेला नाही. पण प्रकाश आला की कोण जवळ येतं, कोण तोंड फिरवतं ते दिसतंच, आणि ३:१९ त्यालाच निवाडा म्हणतं. ९:३९ तसंच वाच. ते वाक्य जन्मांध माणसाच्या गोष्टीच्या शेवटी येतं, आणि त्या गोष्टीची सुरुवात आठव: शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

सगळ्या गाठी सुटतात असं मी म्हणणार नाही. १ पेत्र १:१७ मध्ये पिताच प्रत्येकाच्या कामाप्रमाणे न्याय करतो. प्रेषितांची कृत्ये १७:३१ म्हणतं, देव न्याय करील, पण आपण नेमलेल्या मनुष्याच्या द्वारे. मुखत्यारपत्रासारखं: अधिकार देणाऱ्याचा, काम नेमलेल्याच्या हातून. माझं यावर बऱ्यापैकी समाधान होतं, पूर्ण नाही.

पण योहान ५:२७ मला फार धीर देतं. पुत्राला हा अधिकार का? तर तो मनुष्याचा पुत्र आहे म्हणून. तुझ्या बाबांच्या समोर जो बसेल त्याला थकवा ठाऊक आहे, मंदिरातल्या अधिकाऱ्यांशी झालेला वाद ठाऊक आहे, आणि मित्र लाजराच्या कबरेपाशी तो रडला आहे. त्या दहा वर्षांत बाबा देवाशी काय बोलले, हे त्याला माहीत असेल. तुला माहीत नाही, मला नाही, आत्यालाही नाही.

आत्याशी वचनाला वचन लावून भांडू नकोस. तिचाही भाऊ गेलाय, आणि तिच्या त्या वाक्यात मला भीती ऐकू येते. एखाद्या रविवारी उपासनेनंतर चहाला तिच्याकडे जा. बाबांची एखादी आठवण तिला आधी सांगू दे. मग १ करिंथ ४:५ दोघी मिळून मोठ्याने वाचा. पौल सांगतो, प्रभू येईपर्यंत न्याय करू नका, अंधारातल्या गोष्टी तोच उजेडात आणील. वचन पूर्ण वाच हं, शेवटी शिक्षेचा शब्दच नाही. तेव्हा प्रत्येकाला देवाकडून प्रशंसा मिळेल, असं तिथे लिहिलंय.

– तुझी ताई